पाव वजनात पाऊण रूप

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे लग्नाच्या खरेदीची बोलणी सुरू होतात. साड्या, मंगळसूत्र, अंगठी. सुरतेत राहून हिऱ्याचा विषय निघाला नाही, असं घर विरळाच. कुणाचा तरी मामा किंवा शेजारी हिऱ्याच्या कारखान्यात असतो आणि 'आपण थेट तिथूनच घेऊ' असं ठरतं. समोर दोन हिरे येतात. एकाचा व्यास ३ मिलिमीटर, दुसऱ्याचा ६. डोळ्यांना वाटतं, दुसरा दुप्पट मोठा आहे, तर किंमतही दुप्पट असेल, फार तर तिप्पट. आकडा ऐकल्यावर घरातली मंडळी एकमेकांकडे बघू लागतात.

दुकानदार फसवतोय अशी शंका येते. पण त्याआधी एक साधा हिशेब तपासून पाहायला हवा. तो नववी-दहावीच्या भूमितीतला आहे आणि त्याचं नाव समरूपता. हा हिशेब ज्याला कळला त्याला अंगठी घेताना, फ्लॅट घेताना, झेरॉक्स काढताना, अगदी लाडू वळतानाही उपयोग होतो. आणि तो शिकायला कतारगामसारखी दुसरी जागा नाही.

एक प्रमेय, दोन पुस्तकं

आधी प्रमेय बघू. दोन आकृत्यांचा आकार हुबेहूब सारखा, फक्त एक लहान आणि एक मोठी, तर त्या समरूप. बाजू दुप्पट झाल्या तर क्षेत्रफळ चौपट होतं. बाजू तिप्पट, तर क्षेत्रफळ नऊपट. म्हणजे क्षेत्रफळांचं गुणोत्तर हे बाजूंच्या गुणोत्तराच्या वर्गाएवढं.

हे पाठ करण्यापेक्षा कागदावर काढून बघितलेलं बरं. एक त्रिकोण काढा. तिन्ही बाजूंचे मध्यबिंदू घ्या आणि ते एकमेकांना जोडा. मोठ्या त्रिकोणाचे चार सारखे त्रिकोण झाले. प्रत्येक छोट्याची बाजू मोठ्याच्या निम्मी आहे, पण मोठ्यात असे चार मावतात. आता प्रत्येक बाजूचे तीन सारखे भाग करून बाजूंना समांतर रेघा ओढा. वरच्या ओळीत १ त्रिकोण, मधल्या ओळीत ३, खालच्या ओळीत ५, एकूण ९. चार भाग केलेत तर १, ३, ५, ७, एकूण १६. लहान मुलंसुद्धा ही गंमत दहा मिनिटांत करतात आणि नियम त्यांच्या हाताखालीच तयार होतो.

महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या गणित भाग २ मध्ये 'समरूपता' हा पहिलाच पाठ आहे आणि समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचं प्रमेय त्यातच येतं. एनसीईआरटीने मात्र २०२२ साली अभ्यासक्रम हलका केला, तेव्हा दहावीच्या पुस्तकातल्या त्रिकोणांच्या पाठामधून नेमका हा भाग वगळला. सुरतेतली आपली बरीच मुलं एनसीईआरटीच्या पुस्तकावर शिकतात. म्हणजे जळगावच्या चुलत बहिणीला जे प्रमेय परीक्षेत येतं, ते सुरतेच्या भावाला पुस्तकात दिसतच नाही. पुस्तकाचं ओझं कमी झालं हे ठीक. पण ज्या शहराचं पोट या प्रमेयावर चालतं, तिथल्याच मुलांना ते माहीत नसावं, हे काही बरं नाही. म्हणून हा लेख खास त्यांच्यासाठी.

कतारगामची घंटी

कतारगाम हे एकेकाळी सुरतेबाहेरचं गाव. इथली पापडी नावाजलेली. उंधियूत कतारगामची पापडी असेल तर सुरती माणूस आणखी काही विचारत नाही. शहर वाढलं, वाड्या आणि शेतं गेली आणि त्यांच्या जागी हिऱ्याचे कारखाने उभे राहिले. आज कतारगाम आणि वराछा ही हिऱ्याला पैलू पाडणाऱ्यांची दोन मोठी ठाणी आहेत. जगात जेवढ्या नगांना पैलू पाडले जातात, त्यातले बहुतेक सुरतेत.

कारखान्यात फिरणाऱ्या चाकाला 'घंटी' म्हणतात. तिच्याभोवती कारागीर बसतात. पूर्वी त्यांना 'हिरे घासणारे' म्हणत, आता मानाने 'रत्नकलाकार' म्हणतात. कामाची वाटणीही ठरलेली आहे. हिऱ्याचा वरचा भाग 'मथाळा', खालचा निमुळता भाग 'तळिया', अगदी वरचा सपाट पैलू 'टेबल', आणि मधल्या कडेला 'कंदोरो'. गुजरातीत कंदोरो म्हणजे कमरेचा दागिना. आपल्याकडे बाळाच्या कमरेला करदोटा बांधतात, तसंच हे. हिऱ्याचा व्यास मोजतात तो या कमरेवर.

नेहमीच्या गोल हिऱ्याला, ज्याला 'ब्रिलियंट' म्हणतात, ५७ पैलू असतात. खालच्या टोकाला बारीकसा सपाट पैलू दिला तर ५८. हिरा राईएवढा असो की वाटाण्याएवढा, पैलू तेवढेच. प्रमाणंही जवळजवळ तीच. १९१९ साली मार्सेल टोलकोव्स्की या तरुण गणित्याने एक पुस्तक लिहिलं. घराणं अँटवर्पचं, हिरे घासणाऱ्यांचं. आत आलेला उजेड जास्तीत जास्त वर परतून यावा यासाठी हिऱ्याचे कोन किती असावेत, हे त्याने गणिताने काढलं. टेबल व्यासाच्या ५३ टक्के, मथाळ्याची उंची १६.२ टक्के, तळियाची खोली ४३.१ टक्के. पुढे या आकड्यांत थोडेफार बदल झाले, पण पद्धत तीच राहिली.

या आकड्यांत मिलिमीटर कुठेच नाहीत, सगळे टक्केच आहेत. व्यास सांगा, बाकीची मापं आपोआप ठरतात. म्हणजेच नीट घडवलेले सगळे गोल हिरे एकमेकांशी समरूप. पाठ्यपुस्तकातली व्याख्या इथे रोज घंटीवर घासली जाते.

लांबी, पसारा, वजन

आता लग्नाच्या खरेदीकडे परत येऊ. हिरा विकला जातो वजनावर. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, ग्रॅमचा पाचवा भाग. कॅरेटचे शंभर भाग केले की एक भाग म्हणजे एक सेंट. बाजारात 'दहा सेंटचा', 'तीस सेंटचा' अशीच भाषा चालते.

पण आपले डोळे वजन बघत नाहीत. अंगठीत बसवलेल्या हिऱ्याचा वरून दिसणारा गोल तेवढा आपल्याला दिसतो. तो झाला पसारा, म्हणजे क्षेत्रफळ. फूटपट्टीवर मोजतो तो व्यास, म्हणजे लांबी. लांबी, क्षेत्रफळ आणि वजन या तीन गोष्टी तीन वेगवेगळ्या चालींनी वाढतात. लांबी दुप्पट झाली की क्षेत्रफळ दोनाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे चौपट. वजन हे घनफळावर अवलंबून, म्हणून ते दोनाच्या घनाने वाढतं, म्हणजे आठपट.

नीट प्रमाणात घडवलेल्या गोल हिऱ्याची मापं साधारण अशी येतात:

३ मिमी व्यास: सुमारे १० सेंट
४.१ मिमी: सुमारे २५ सेंट
५.१५ मिमी: सुमारे ५० सेंट
६ मिमी: सुमारे ८० सेंट
६.५ मिमी: सुमारे १ कॅरेट
८.२ मिमी: सुमारे २ कॅरेट

३ मिमी आणि ६ मिमी यांच्या ओळी बघा. व्यास दुप्पट, वजन दहावरून ऐंशी सेंटांवर. सुरुवातीला ज्या किमतीने मंडळी चमकली, तिचं पहिलं कारण हे. दुसरं कारण बाजाराचं. मोठा हिरा दुर्मिळ असतो, म्हणून त्याचा दर कॅरेटच चढा असतो. आठपट वजन, त्यावर चढा दर. दुकानदाराने फसवलेलं नाही, घनाने फसवलंय.

आता अर्धा कॅरेट आणि एक कॅरेट घ्या. वजन दुप्पट, पण व्यास ५.१५ वरून ६.५, म्हणजे सव्वापटीच्या आसपास. वरून दिसणारा गोल जेमतेम १.६ पट. पैसे निदान दुप्पट जातात, रूप मात्र दीडपटीहून थोडंसंच जास्त. हे माहीत असूनही एक कॅरेट घ्यायचा असेल तर खुशाल घ्या, हौसेला मोल नसतं. पण माहीत असून घेणं वेगळं.

याच हिशेबातून एक उपयोगी गोष्ट निघते. एक कॅरेटच्या उंबरठ्यावर दर एकदम चढतो. ९५ सेंटचा हिरा त्या उंबरठ्याच्या अलीकडे असतो. त्याचा व्यास एक कॅरेटच्या हिऱ्यापेक्षा फक्त ०.११ मिमीने कमी, पसारा साडेतीन टक्क्यांनीही कमी नाही. बोटात घातल्यावर हा फरक सासूबाईंनाही दिसणार नाही.

सात खड्यांचं फूल

आपल्या आज्यांच्या कुड्या आठवा. मध्ये एक खडा, भोवती सहा, असं सात खड्यांचं फूल. हे फूल सात खड्यांचंच का? एक रुपयाचं नाणं ठेवा आणि भोवती तशीच नाणी चिकटवून लावा. बरोबर सहा बसतात, ना पाच ना सात. सातही नाणी मिळून एका मोठ्या गोलात नेमकी मावतात आणि त्या गोलाचा व्यास एका नाण्याच्या बरोबर तिप्पट असतो.

आता समरूपतेचा हिशेब लावा. छोट्या खड्याचा व्यास मोठ्या गोलाच्या एक तृतीयांश. म्हणून एका खड्याचं क्षेत्रफळ मोठ्या गोलाच्या एक नवमांश. सात खड्यांचं मिळून सात नवमांश, म्हणजे ७८ टक्के. वजनाचं काय? एका खड्याचं वजन तेवढ्याच मोठ्या अखंड हिऱ्याच्या एक सत्तावीसांश. सातांचं मिळून ७/२७, म्हणजे २६ टक्के.

पाव वजनात पाऊण रूप! ६ मिमीच्या अखंड हिऱ्याला ८० सेंट लागतात. तेवढ्याच मापाच्या फुलाला २ मिमीचे सात खडे, मिळून २० सेंट. लहान खड्यांचा दर कॅरेटही कमी, त्यामुळे खर्चातला फरक चौपटीहून जास्त. उरलेल्या जागेत सोन्याचं कोंदण येतं आणि लांबून फूल एकच मोठा खडा असल्यासारखं लखलखतं. ज्या कारागिरांनी ही घडण रूढ केली त्यांनी प्रमेय लिहिलं नसेल, पण ते त्यांच्या हातात होतं.

यात फसवणूक काहीच नाही. फुलाची कुडी फूल म्हणून घेतली तर सौदा उत्तम. अडचण होते ती जाहिरातीत नुसतं 'एक कॅरेट' वाचून. दहा-दहा सेंटच्या दहा खड्यांची अंगठीही एक कॅरेटचीच, आणि एका हिऱ्याची अंगठीही एक कॅरेटची. पहिलीचा पसारा दुसरीच्या दुपटीहून मोठा, पण किंमत बरीच कमी असायला हवी. म्हणून 'एकूण किती कॅरेट' एवढ्यावर थांबू नका. 'किती नग आणि प्रत्येक किती सेंटचा' हेही विचारा.

समरूपता बिघडली तर

हा सगळा हिशेब हिरे समरूप आहेत या अटीवर उभा आहे. अट मोडली की आकडे बोलू लागतात. समजा, कुणी दाखवलेला हिरा काट्यावर एक कॅरेट भरला, पण व्यास ६.१ मिमीच निघाला. व्हायला हवा होता ६.५ च्या आसपास. मग उरलेलं वजन गेलं कुठे? ते पोटात किंवा कमरेत आहे. तळिया जास्त खोल किंवा कंदोरा जाड ठेवला की वजन राहतं, पण ते वरून दिसत नाही. अशा हिऱ्याचा दिसणारा गोल १२ टक्क्यांनी लहान. पैसे एक कॅरेटचे, रूप ८३ सेंटचं.

उलटही होतं. एक कॅरेटचा हिरा ६.९ मिमी भरला तर तो उथळ आहे. दिसतो मोठा, पण कोन बिघडल्यामुळे उजेड खालून निसटतो आणि मध्यभागी फिकेपणा येतो. प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रावर व्यास, खोलीचा टक्का आणि टेबलचा टक्का छापलेला असतो. ते तीन आकडे वाचायला दोन मिनिटं पुरतात.

प्रयोगशाळेत तयार केलेल्या हिऱ्यालाही हाच तक्ता लागू पडतो, कारण तोही हिराच आणि त्याची घनता तीच. पण ज्याला आपण 'अमेरिकन डायमंड' म्हणतो तो झिर्कोनियाचा खडा बराच जड असतो. तेवढ्याच मापाचा असूनही त्याचं वजन हिऱ्याच्या सुमारे १.६ पट भरतं. व्यास आणि वजन यांचा मेळ बसत नसेल तर वस्तू वेगळी आहे, हे कळायला भिंग लागत नाही.

घंटीवर बसलेल्याचा हिशेब

आतापर्यंत घेणाऱ्याची बाजू बघितली. आता घडवणाऱ्याची बघू, कारण कतारगामची खरी गोष्ट तिथे आहे.

६.५ मिमीचा हिरा घासताना सगळीकडून थोडं जास्त गेलं आणि व्यास ६.४ झाला. फक्त एक दशांश मिलिमीटर. प्रमाण तेच राहिलं तर वजन साडेचार टक्क्यांनी उतरतं. एक कॅरेटचा हिरा साडेपंचाण्णव सेंटचा झाला आणि त्या महागड्या उंबरठ्याच्या खाली आला. लांबीत दीड टक्क्याची चूक, वजनात त्याच्या तिप्पट. घन असा वसूल करतो. म्हणूनच कच्चा हिरा हातात आल्यावर आधी संगणकावर त्याचा नकाशा काढतात आणि त्यात जास्तीत जास्त मोठा नीट प्रमाणातला हिरा कुठे बसेल ते शोधतात. मिलिमीटरचे दशांश इथे लाखांत मोजले जातात.

आता एक कॅरेटच्या एका हिऱ्याऐवजी एक-एक सेंटचे शंभर हिरे घ्या. वजन तेवढंच, २०० मिलिग्रॅम. प्रत्येकाचा व्यास सुमारे १.४ मिमी. शंभरांचा मिळून पृष्ठभाग एका मोठ्या हिऱ्याच्या ४.६ पट होतो. तेवढा जास्त पृष्ठभाग घासून चकचकीत करायचा. आणि पैलू? पूर्ण ब्रिलियंट पाडले तर ५७ ऐवजी ५,७०० पैलू. तेही अशा दाण्यावर, जो चिमट्यातून निसटला तर फरशीवर शोधावा लागतो.

सुरतेचा धंदा १९६० नंतरच्या दशकांत वाढला तो अशाच बारीक मालावर. मोठे हिरे अँटवर्प आणि न्यूयॉर्ककडे जात. बारीक दाण्याला मजुरी फार आणि किंमत थोडी, म्हणून तो तिथे परवडत नसे. तो सुरतेला आला. त्यामागे स्वस्त मजुरी होती, हे खरंच. पण बारीक माल म्हणजे वजन थोडं आणि पृष्ठभाग फार, हे भूमितीचं कारणही त्यातच गुंतलेलं होतं.

या धंद्यात मजुरी बहुतेक नगावर मिळते. नग जितका बारीक, तितका नगाचा भाव कमी. पण पैलू तेवढेच, डोळ्यांवरचा ताण उलट जास्त. व्यास निम्मा झाला की वजन आठव्या भागावर येतं, पण काम काही आठव्या भागावर येत नाही. मजुरीचे दर ठरवताना कारखानदार आणि कारागीर यांच्यात जी ओढाताण होते, तिच्या मुळाशी हेच आहे. आज मंदीचे दिवस आले की पहिला घाव नगावर जगणाऱ्याला बसतो. आपल्या मुलांनी या शहराच्या संपत्तीकडे बघताना तिच्यामागचे हे ५,७०० पैलूही मोजावेत.

पाटणादेवीपासून झेरॉक्सच्या दुकानापर्यंत

हे गणित आपल्याकडे नवं नाही. सुरतेतली कितीतरी मराठी घरं खानदेशातून, तापीच्या काठाकाठाने इथे आली. त्याच खानदेशात, चाळीसगावजवळ पाटणे इथे, बाराव्या शतकातल्या भास्कराचार्यांच्या गणिताची आठवण शिलालेखात कोरलेली आहे. त्यांचा नातू चांगदेव याने भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि त्याला शके ११२८ मध्ये, म्हणजे इ.स. १२०७ साली, देणग्या मिळाल्या, असं त्या लेखात म्हटलं आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख उजेडात आणला. पाटणादेवीच्या दर्शनाला पुष्कळ जण जातात. पुढच्या खेपेला मुलांना हेही सांगा.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त गोलाचा नियम आहे. वर्तुळाचं क्षेत्रफळ काढा, त्याची चौपट केली की तेवढ्याच व्यासाच्या गोलाचं पृष्ठफळ. पृष्ठफळाला व्यासाने गुणून सहाने भागलं की घनफळ. पृष्ठफळात व्यास दोनदा गुणला जातो, घनफळात तिसऱ्यांदा. वर्ग आणि घन यांची फारकत तिथे एका पायरीत दिसते.

त्याहून जुनी गोष्ट शुल्बसूत्रांतली. यज्ञाची वेदी श्येन पक्ष्याच्या आकाराची, क्षेत्रफळ साडेसात चौरस पुरुष. पुरुष हे लांबीचं माप, हात वर केलेल्या माणसाच्या उंचीएवढं. पुढच्या वेळी वेदी एका चौरस पुरुषाने मोठी करायची, म्हणजे साडेआठ, मग साडेनऊ, असं साडेएकशेएकपर्यंत. अट एकच, पक्ष्याचा आकार बदलायचा नाही. म्हणजे चोच लांबवून किंवा शेपूट रुंदावून चालणार नाही, सगळ्याच बाजू सारख्या प्रमाणात वाढायला हव्यात. बौधायनाने त्यावर उपाय दिला. वाढीव क्षेत्राचे पंधरा भाग करा आणि प्रत्येक एककाच्या चौरसात दोन-दोन भाग मिळवा. त्या नव्या चौरसाची बाजू हे नवं माप धरून वेदी बांधा. आजच्या भाषेत, क्षेत्रफळ १३ टक्क्यांनी वाढवायचं तर बाजू साधारण साडेसहा टक्क्यांनी वाढवायची. तेव्हाच्या लोकांकडे दोरी होती आणि खुंट्या होत्या.

बौधायनाने हेही सांगितलं की चौरसाच्या कर्णावर नवा चौरस काढला तर त्याचं क्षेत्रफळ दुप्पट होतं. कर्ण म्हणजे बाजूच्या सुमारे १.४१ पट. हा आकडा तुम्ही नक्की पाहिलाय. झेरॉक्सच्या मशीनवर ए-४ चा ए-३ करायचं बटण १४१ टक्क्यांचं आणि ए-३ चा ए-४ करायचं ७१ टक्क्यांचं. ०.७१ गुणिले ०.७१ म्हणजे अर्धा. निम्म्या कागदावर नक्कल हवी म्हणून कुणी ५० टक्के सांगितलं तर ती पाव कागदावर येते आणि अक्षरं वाचता येत नाहीत.

घरातले वर्ग आणि घन

फ्लॅट बघताना १० बाय १० ची खोली आणि १२ बाय १२ ची खोली ऐकायला जवळजवळ सारखीच वाटते. बाजू २० टक्क्यांनी मोठी, क्षेत्रफळ मात्र १०० वरून १४४ चौरस फूट, ४४ टक्क्यांनी जास्त. दर चौरस फुटाचा असतो आणि फरशाही चौरस फुटावर लागतात.

खानदेशी घरात खापरावरचे मांडे होतात तेव्हा बघा. मांड्याचा व्यास पुरणपोळीच्या दुप्पट आणि जाडी तेवढीच असेल तर पुरण-कणीक चौपट लागते. आठपट नाही, कारण जाडी वाढलेली नाही. लाडू मात्र सगळीकडून वाढतो, म्हणून तिथे घन. वर्ग लावायचा की घन, हे ठरवण्याची किल्ली हीच. किती दिशांनी वाढलं ते मोजा.

शेवटी घरच्यांसाठी तीन प्रश्न. उत्तरं खाली आहेत, पण आधी पोरांना सोडवू द्या.

१. ४ सेंटिमीटर व्यासाचा बुंदीचा लाडू १० रुपयांना आणि ६ सेंटिमीटरचा ३० रुपयांना. कोणता घेणं परवडेल?

२. घराचा नकाशा ७१ टक्क्यांवर झेरॉक्स केला. त्या प्रतीची पुन्हा ७१ टक्क्यांवर झेरॉक्स काढली. मूळ नकाशावर हॉलने जेवढी जागा व्यापली होती, त्याच्या किती भागात तो आता मावेल?

३. ४ मिमी व्यासाच्या हिऱ्याऐवजी ५ मिमीचा घेतला. वजन साधारण किती पट होईल?

उत्तरं: (१) मोठा. त्याचं वजन २७ भागिले ८, म्हणजे सुमारे ३.४ पट आहे आणि पैसे तिप्पटच. (२) पाव भागात. (३) १२५ भागिले ६४, म्हणजे जवळजवळ दुप्पट.